धनेशाच्या वाट्याचा उतार

नागपूरच्या बाजारात चारोळीचा व्यापार मी शून्यातून उभा केला. भाव पाडण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, असं लोक म्हणतात आणि मीही म्हणतो. पण रामटेकच्या पुढे, सातपुड्याच्या डोंगरातल्या एका गावात बचत गटाच्या प्रमुख बाईनं माझं जे केलं, ते अजून घशाखाली उतरलेलं नाही.

तिथलं जंगल दर उन्हाळ्यात ओरबाडलं जातं. चारोळीसाठी कच्ची चारं, म्हणजे त्या झाडाची फळं, तोडतात, फांद्याही छाटतात, उरलेलं वणवा नेतो. एकच उतार शाबूत होता, पिकल्या चारांनी काळा झालेला. मी तो मागितला.

"तो नाही भेटत, शेठ."

"काहून?"

ती मला वर घेऊन गेली, मागून गटातल्या बायका. म्हाताऱ्या बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी स्वतःला आत लिंपून घेऊन बसली होती. फटीतून फक्त चोच दिसे. नर आला आणि गळ्यातून एकेक फळ वर काढून तिला भरवू लागला. मी भाव विसरून बघत राहिलो.

"पिल्लं मोठी होतपर्यंत त्यालेच आणा लागते. चारं तुमाले देल्ली, तर यानं कुठं जावं?"

मी भाव वाढवला. तिनं मान हलवली. मग अर्धा उतार मागितला.

"तुमी अर्ध्या पोटानं उठता का, शेठ?"

बायका हसल्या. माझं डोकं फिरलं. "मंग दुसऱ्याले देशील!"

"कालच एक जण येऊन गेला ना."

तो कोण, हे मला कोणी सांगायला नको होतं. माझी गिऱ्हाइकं फोडणारा, आमच्याच बाजारातला. मी ओरडलो, "मले नाही, तर कोणालेच नाही! गावाची बाकी सारी चारोळी तू म्हणशील त्या भावानं घेतो. पण या उताराले कोणी हात लावला, तर सौदा तुटला!"

बाई मागे वळली. "आइकलं ना वं साऱ्याईनं?"

गटातल्या कितीतरी बायका उतार विकायला निघाल्या होत्या आणि तिचं एकटीचं कोणी ऐकत नव्हतं, हे मला परतताना जीपवाल्यानं सांगितलं. आता कोणी उतार विकला असता, तर सगळ्यांचाच सौदा बुडाला असता. ती अट माझ्याच तोंडून तिनं काढली. असा सौदा मला कधी जमला नाही, आणि राग त्याचाच आहे.

काही आठवड्यांनी माल उचलायला गेलो तेव्हा ढोलीचा लिंप फुटलेला होता. वरच्या फांदीवर दोन पिल्लं धडपडत होती, आईबाप शेजारी.

"आता घ्या उतार, शेठ," बाई म्हणाली.

झाडांवर एकही चार उरलं नव्हतं.