वसंताची आई

भर दुपारी आमच्या ऑफिसच्या दारात काका उभे दिसले. गिरणी सोडून ते फोर्टात कधी फिरकले नव्हते. मी बाहेर गेलो. जिन्याच्या कठड्याकडे बघत ते म्हणाले, "तुजी काकी रवली नाय रे..." जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही. महाराष्ट्र राज्य झाल्याच्या पताका अजून लालबागच्या आमच्या चाळीवर लोंबत होत्या.

काकी म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मालवणाकडची. हसली की शेजारच्या चार खोल्यांना कळायचं. माझी आई लवकर गेली, त्यामुळे मी काकीच्याच हातचं खाऊन वाढलो, तिच्या वसंताबरोबर एका ताटात. पुढे वसंता गिरणीत लागला. मी महाराष्ट्र राज्याच्या मागणीसाठी मोर्च्यांना जायचो, त्याला त्यात गोडी नव्हती. त्याला क्रिकेट आवडायचं, आणि कडक इस्त्रीचे शर्ट.

छप्पन्न सालच्या जानेवारीत, गोळीबाराच्या दिवसांत, शिवडीहून मुलीकडची माणसं त्याला बघायला यायची होती. सकाळी रस्ता शांत वाटला म्हणून तो नाक्यावर गणपत न्हाव्याकडे केस कापायला बसला. अर्धे केस होतात न होतात तोच दगडफेक सुरू झाली. गणपतनं दुकान बंद केलं, वसंता डोक्याला रुमाल बांधून घराकडे पळाला. रस्ता ओलांडताना त्याच्या पाठीत गोळी लागली.

दुसऱ्या दिवशी त्याला घरी आणलं. खाली घोषणा चालल्या होत्या, जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. काका भिंतीला टेकून बसले होते. काकी रडत नव्हती. ती वसंताच्या डोक्यावरून हात फिरवत होती... एका बाजूला बारीक केस, दुसऱ्या बाजूला तशीच झुलपं.

"गणपताक बोलवा," ती म्हणाली.

एक कार्यकर्ता वर आला, हात जोडून म्हणाला, "आई, उशीर होतोय. पोलीस थांबू देणार नाहीत."

"माजो झील असो जावचो नाय."

गणपत आला. त्याला कात्री धरवेना. काकीनं वसंताचं डोकं मांडीवर घेतलं, घट्ट धरलं, आणि गणपतनं रडत रडत केस पुरे केले. पडलेले केस तिनं पदरात गोळा केले. मग त्याला नेलं.

त्यानंतर तो तिचा राहिला नाही. नाक्यावर त्याची तसबीर लागली. पहिल्या वर्षी सभा झाली, काकीला व्यासपीठावर बसवलं. वक्ते म्हणाले, वसंतानं छातीवर गोळी झेलली. काकी उठून उभी राहिली. "तेका पाठीत लागली," ती म्हणाली, "तो केस कापूक गेल्लो." पुढच्या रांगांतल्या लोकांनी ऐकलं. पुन्हा तिला कुणी बोलावलं नाही. चाळीतल्या बायका म्हणू लागल्या, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. सगळं लालबाग वसंतासाठी रडलं, पण ते ज्याच्यासाठी रडत होते त्याला काकी ओळखत नव्हती. आणि तिच्या वसंतासाठी रडायला तिच्याबरोबर कुणी बसेना. काकासुद्धा विषय निघाला की गॅलरीत जाऊन उभे राहायचे.

एकदा न राहवून मी म्हटलं, "काकी, दिवस जातील तसं दुःख हलकं होईल." ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "पावणो आसतो तर एव्हाना गेलो आसतो रे."

राज्य झालं त्या संध्याकाळी मी पेढे घेऊन गेलो. तिनं पेढा बराच वेळ हातात धरला, मग खिडकीत ठेवून दिला. "बरा झाला. तुका होया होता ता मेळला." त्यात टोमणा नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. काहीच नव्हतं. तेव्हापासून तिचं जेवण दोन घासांवर आलं. डॉक्टर हृदय म्हणाले, आम्हीही तेच सगळ्यांना सांगतो...

परवा काकांकडे गेलो होतो. पहिली पाळी संपवून ते आले, दारात वहाणा काढल्या आणि आत न बघताच हातातला डबा पुढे केला. मी उठून हात पुढे केला. त्यांनी तो मला दिला नाही. थोडा वेळ तसाच धरून उभे राहिले, मग वाकून उंबऱ्याच्या आत ठेवला.

"रोज विसारतंय रे," ते म्हणाले.