खिडकीखालचे गीत

हे लिहायचे मी बरीच वर्षे टाळले. बडोद्याच्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत माझ्या धैर्याची एक गोष्ट अजून सांगतात. ती खोटी आहे. आणि ते कबूल करायचे तर भित्रीमावशींबद्दल सांगावे लागते.

हे नाव त्यांना लोकांनी तोंडावर दिलेले. पाल, कुत्रा, कुकरची शिट्टी, उत्तरायणात पतंगांच्या दिवसांत रस्त्यावर आडवा येणारा मांजा, सगळ्यालाच त्या घाबरत. रिक्षा मगरींनी भरलेल्या विश्वामित्री नदीच्या पुलावर आली की डोळे गच्च मिटून घेत.

"अहो मावशी, मगर पुलावर चढत नाही," मी म्हणे.

"हे मगरीला कुणी सांगितलंय का?"

रिक्षावाला हसून म्हणे, "आंखो खोलो, बा. पुल गयो."

पण मंडळीत कुणी आजारी पडले की पहिल्या त्याच पोचत. बेल दाबण्याआधी दाराबाहेर थांबत. पुटपुटत, "प्रभू, मला भीती वाटतेय. तू आधी आत जा, मी मागून येते." माझी पत्नी शेवटच्या दुखण्यात अंथरुणाला खिळली, तेव्हा मावशी रावपुऱ्याहून समाला आमच्या घरी रोज येत, तिचे केस विंचरत आणि तिच्या आवडीचे गीत म्हणत. सूर बेताचाच. "देवाला सवय झालीय माझ्या आवाजाची," म्हणत.

एवढ्या भिता, तरी आजाऱ्यांकडे कशा जाता, असे मी एकदा विचारले. "भीती जायची वाट बघितली असती तर घराबाहेर पडलेच नसते, भाऊ. तिलाही बरोबर घेऊन येते."

मी मंडळीचा पंच, कारभार पाहणाऱ्यांपैकी एक. उपासनेत उभा राहून निर्भयपणावर बोलायचो. छान बोलतो, असे लोक म्हणत.

मग साथ आली. दुसऱ्या लाटेत मावशी घरीच पडल्या. दवाखान्यात खाट मिळेना. समोरच्या कोकिलाबेन दाराशी डबा ठेवून जात. एका संध्याकाळी मावशींचा फोन आला. धाप लागलेली.

"भाऊ, वर येऊ नका. नुसतं खाली गल्लीत उभं राहून एक गीत म्हणा. एकटीला फार भीती वाटतेय हो."

"निघालोच," मी म्हणालो. चपला घातल्या, स्कूटरची किल्ली घेतली आणि आमच्या सोसायटीच्या जिन्यात बसून राहिलो. पाय उचलेचनात. शेवटी तिथूनच फोन लावला. "मावशी, खाली आलोय. खिडकीत येऊ नका, वारा लागेल." आणि जिन्यात बसून, फोनवर, पत्नीच्या आवडीचे तेच गीत शेवटपर्यंत गायलो.

"आलात, भाऊ," एवढेच त्या म्हणाल्या.

मावशी वाचल्या. चर्च पुन्हा उघडले तेव्हा साक्ष द्यायला उभ्या राहिल्या. "सगळे दारं लावून बसले होते, तेव्हा हे भाऊ माझ्या खिडकीखाली उभे राहिले." सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी खाली बघितले. लोकांना तो नम्रपणा वाटला.

त्यानंतर खरे सांगायला कितीदा तरी त्यांचा जिना चढलो. दारापाशी त्यांचीच प्रार्थना म्हणून पाहिली. दार उघडताच त्या म्हणत, "या भाऊ, चहा टाकते." मी चहा पिऊन परत येई.

गेल्या हिवाळ्यात त्या झोपेतच गेल्या. दफनाहून परतताना कोकिलाबेननी मला थांबवले. "भाई, मासी आजारी होत्या तेव्हा एका सांजेला फोनवर गीत ऐकत खिडकीचे गज धरून उभ्या होत्या. खाली बघून हात हलवत होत्या. पण गल्लीत तो कोई नहोतुं. मला वाटलं, ताव... ताप चढला असेल."

म्हणजे त्यांनी रिकामी गल्ली पाहिली होती. तरीही त्यांनी ती साक्ष दिली. मला झाकण्यासाठी, की तिथे खरेच कुणीतरी उभे आहे असे त्यांना वाटले, हे आता कुणाला विचारू? प्रार्थनेला बसलो की ती गल्ली तेवढी दिसते. शब्द येत नाहीत.

परवा त्यांच्या कबरीवर फुले ठेवायला गेलो. मंडळीतल्या एका घरची सून जवळ येऊन म्हणाली, "काका, तुम्ही गायलात म्हणून मावशींना धीर आला." मी होकाराची मान हलवली. पुन्हा हलवली. ती गेल्यावर दगडापाशी वाकलो, तोंड उघडले, आणि बाहेर आले ते गीतच.

'मावशी, त्या संध्याकाळी मी आलो नव्हतो. माफ करा,' एवढेच म्हणायचे होते.