गुळवेलीच्या पुटकुळ्या

मी काढलेला फोटो हातात धरून गोरेसाहेब एका बाईचा गुळवेलीचा भारा परत पाठवत होते.

चिंचवड स्टेशनजवळ काढे-आसवांचा एक छोटा कारखाना होता. गोरेसाहेब तिथलं स्टोअर सांभाळत. पुण्यातून नवे आलेले, कागदाला पक्के. झाडपाल्याशी संबंध मात्र तुळशीपुरता. लोक भलत्याच वेली आणतात म्हणून त्यांनी माझ्याकडून सहा वनस्पतींचे फोटो काढून घेतले होते. फोटोशी जुळेल तोच माल घ्यायचा.

लग्नाळू मुलींचे फोटो काढून मी कंटाळलो होतो. हे काम जीव ओतून केलं. गुळवेलीच्या पानांमागून सकाळचा उजेड घेतला, शीर न् शीर उजळून निघाली. त्या दिवशी मी बाकीच्या प्रती पोचवायला आलो होतो. काम पसंत पडलं तर कारखान्याच्या कॅटलॉगचं वर्षभराचं काम मलाच मिळणार होतं.

"बाई, तुमच्या वेलीला पुटकुळ्या आहेत. फोटोत बघा, कशी गुळगुळीत आहे!" गोरेसाहेब म्हणाले.

ठकूबाई चिखलीहून डोक्यावर भारा घेऊन चालत आली होती. "सायेब, गुळवेलीला पुटकुळ्या असत्यातच. ह्यो तिसरा भारा परत लावताय तुमी. फोटूतली येल दुसरी कुटली तरी आसंल."

"माणूस खोटं बोलेल बाई, कॅमेरा कसा बोलेल?"

कॅमेरा खोटं बोलला नव्हता, मी बोललो होतो.

त्याचं असं, की आमच्या धंद्यात रिटचिंग करतात. निगेटिव्ह म्हणजे काच. सावलीचा भाग तिच्यावर पारदर्शक दिसतो. तिथं टोकदार पेन्सिल फिरवली की फोटोत ती सावली नाहीशी होते. मुलींच्या गालांवरचे देवीचे वण मी असेच घालवत असे, आणि त्यात माझा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. गुळवेलीचं खोड समोर आलं, त्यावर बारीक पुटकुळ्या दिसल्या, आणि सवयीनं हात चालला. रात्रीचं जेवण होईपर्यंत खोड नवरीसारखं नितळ झालं होतं.

गप्प बसलो असतो तर काम माझं होतं. पण ती बाई खरं बोलून खोटी ठरत होती, आणि ते मला बघवेना.

"साहेब, बाईंचं बरोबर आहे. पुटकुळ्या मी काढल्या."

"काढल्या म्हणजे?"

"पेन्सिलीनं. निगेटिव्हवर."

गोरेसाहेबांचा चेहरा लाल झाला. ठकूबाई मात्र माझ्याकडे बघून म्हणाली, "का वं? काय वंगाळ दिसत हुत्या?"

मला फार लाज वाटली.

"दोन दिवसांत दुसरा फोटो," गोरेसाहेब म्हणाले. "नाहीतर कॅटलॉग विसरा." भारा त्यांनी आत घेतला.

"आणि आधीचे दोन भारे?" मी ठकूबाईला विचारलं.

"कुंपनावर टाकल्यात. गुळवेल अशी मरती व्हय? कोंब बी फुटल्यात."

दुसऱ्या दिवशी कॅमेरा सायकलला बांधून चिखली गाठली. तिच्याच कुंपणापाशी तिपाई मांडली. या वेळी उजेड मागून न घेता बाजूनं घेतला, म्हणजे प्रत्येक पुटकुळीची सावली पडते. काचेवर पेन्सिल सोडा, नखसुद्धा लावलं नाही.

नवा फोटो ठकूबाईनं कारखान्याच्या गेटवर हातात घेतला. खोडावरून अंगठा फिरवला. "आता व्हय," म्हणाली. कुंपणावरचे दोन्ही भारे त्याच दिवशी आत गेले आणि कॅटलॉग माझ्याकडे आलं. पुढच्या प्रत्येक वनस्पतीचा फोटो छापायच्या आधी मी ठकूबाईला दाखवत होतो. माणसाचा फोटो ज्याचा त्यानं पसंत करावा. झाडाचा मात्र, ते झाड रोज तोडणाऱ्यानं.

पहिला फोटो मी फेकला नाही. स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावला. सुंदरच आहे तो, लोक थांबून बघत. खाली मी एवढंच लिहिलं होतं: वेल.