बांधापलीकडचं काळंभोर भात

आज युरियाचं पोतं उघडलं, दमटलेल्या खताचा उग्र वास नाकात चढला आणि लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यातली माझी तगमग आठवली. सासरे बहिणीकडं गगनबावड्याला गेले होते. जाताना मला बजावलं होतं, "उन्हाळी भुईमुगाच्या मुळांनी त्या रानात खत ठेवलंय, भाताला एवढ्यात युरिया टाकू नगंस." पण बांधापलीकडच्या शेजाऱ्याचं भात हिरवं काळंभोर आणि आमचं फिकट पोपटी. मी दिवसातून तीनतीनदा बांधावर जायची, आमचं एक पान तोडून त्यांच्या पानाशेजारी धरायची, चिखलाचे पाय घेऊन परत यायची, आणि भाकरी थापतानाही डोळ्यांपुढं तोच पोपटी रंग. चौथ्या दिवशी राहवलं नाही. पदराच्या ओच्यात युरिया भरून घेतला आणि अख्ख्या खाचरात फेकला. आठवडाभरात भात असं काळंभोर झालं की वाटेवरचे लोक थांबून म्हणायचे, "सूनबाईनं भात केलंय की." मी फुशारले. पुढं लोंब्या भरत आल्या, एका दुपारी वारा सुटला आणि युरियानं उंच, लुसलुशीत वाढलेलं आमचंच तेवढं भात आडवं झालं, शेजारचं उभं. सासऱ्यांनी चिखलात बसून भाताची मूठभर ताटं उचलून धरली, सोडली, ती पुन्हा पडली. "रान भुकेलं न्हवतं," ते म्हणाले, "भूक तुलाच लागलीती." आज मुठीतला युरिया मी परत पोत्यात टाकला, तोंड बांधलं, नजर मात्र बांधापलीकडंच होती.