चार हाकांची तार

आमच्या थोरल्या साडूंइतका विजेवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या निजामाच्या मुलखात दुसरा नव्हता, आणि विजेशी इतकी कमी ओळख असणाराही नव्हता. सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनावर डायनामो बसला, त्या दिवसापासून साडू घरच्या कंदिलाशी बोलेनासे झाले. रोज संध्याकाळी जरीचा फेटा बांधून ते जिनिंगच्या फाटकाशी उभे राहत. आतला दिवा लागला की हात जोडत आणि मग चारी बाजूंना अशा थाटात बघत, की नव्या माणसाला वाटावं दिवा यांनीच लावला.

मोजमापाच्या बाबतीत तर ते स्वतंत्र संस्थानिक होते. गज आणि फूट त्यांना मान्य नव्हते. अंतर ते हाकेत मोजत. गडी पुढं पाठवायचा, आपण ओरडायचं, ऐकू येईनासं झालं की तिथं खुंटी. तारेची जाडी मात्र ते कानात मोजत. भिकबाळी काढायची आणि त्या भोकात तार घालून बघायची. "कानात शिरती ती दिव्याची," ते मला समजावत, "न्हाई शिरत ती विहिरीवरल्या मोटारीची. लांब पाटात पाणी मुरतंय का न्हाई, पाव्हणं? तसंच करंट तारंत मुरतंय. जितक्या हाका जास्त, तितकी तार जाड." जिनिंगचा हैदराबादी मिस्त्री हे बघून म्हणाला, "मालिक, तार लेने आये कि कान छिदवाने?" पण त्यानंही हिशेब चूक म्हटला नाही.

हा खटाटोप होता मोसंबीसाठी. साडूंनी पोरांसारखी वाढवलेली बाग पहिल्यांदाच फळाला आली होती, आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खोल गेलं. मोट ओढून बैलं टेकीला आली, झाडांची पानं मुडपायला लागली. साडूंनी जालन्याहून पाणी उपसायची एक जुनी मोटार आणून विहिरीवर बसवली. जिनिंगच्या मालकांनी करंट द्यायचं कबूल केलं. जिनिंग ते विहीर सरळ चार हाका. लढाई नुकतीच संपलेली, तांबं अत्तराच्या भावानं; तरी साडूंनी कुठून कुठून चार हाका पुरेल अशी जाड तार जमवली.

आणि मधे आलं जिजीचं खळं. जिजी म्हणजे शेजारच्या शेताची मालकीण, वाळल्या हळकुंडासारखी म्हातारी. खळ्यावर ज्वारी पडलेली. रास उचलेपर्यंत आमच्याकडं खळ्यात कुणी चप्पल घालून जात नाही, आणि हे निघाले होते वरून तार न्यायला!

"माझ्या लक्ष्मीच्या डोक्यावरून तार न्यायलास व्हय रे?" जिजी कडाडली. "रास उचलू दे. मग तार ने, न्हाईतर रेल ने."

साडूंना कुठला धीर! त्यांनी खळ्याला वळसा घालून खांब रोवले. चार हाकांच्या झाल्या सहा. जाड तार संपली, तेव्हा उरलेल्या दोन हाकांना त्यांनी, स्वतःचाच वेद विसरून, कानात शिरणारी तार जोडली. गाव जमलं, नारळ फुटला, मिस्त्रीनं खटका ओढला. मोटार गुणगुणली, तापली, फिरली मात्र नाही. "बंद करो, जल जायेगी!" म्हणत मिस्त्रीनंच झटकन खटका पाडला. साडू बांधावर बसले. फेटा मांडीवर. मी काही बोलणार तोच म्हणाले, "मुरलं, पाव्हणं. सगळं वाटंतच मुरलं."

जिजी हे खळ्यातून बघत होती. "रडू नको," ती ओरडली. "माझी बैलं हायेत, गडी जत्रंला गेलेत. ये, मळणी उरक!"

मग जे झालं त्याला तोड नाही. विजेचा हा भक्त अनवाणी, उन्हात, खळ्याच्या मधोमध रोवलेल्या तिवड्याभोवती बैलांच्या मागं गरगर फिरू लागला. बैल अडला की जिजी सावलीतून ओरडे, "करंटवाल्या, बटन शोधायलास व्हय? शेपूट पिरगाळ!" वाऱ्यावर धान्य उपणायला मीही पाटीखाली उभा राहिलो, महिनाभर माझ्या कानातून ज्वारीचं कूस, भुसकट निघत होतं. अखेर रास पुजली, पोती भरली, आणि जिजीनं झाडलेल्या खळ्यावरून हातानंच वाट दाखवली. साडूंनी बारीक तार सोडवून फेकली आणि जाड तार सरळ ओढली. या वेळी मोटारीनं हुंकार दिला आणि पाटात पाणी धपकन पडलं. साडू बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा मोटारीवर हात ठेवून नुसते उभे राहिले.

बाग तगली. जिनिंगचं इंजिन पुढच्याच साली कुठंतरी हलवलं, तारा उतरल्या, साडू पुन्हा मोटेकडं वळले. काही वर्षांनी ऐन हंगामात ते गेले, तेव्हा झाडं फळांनी वाकली होती आणि घरातल्या कुणाचा तोडायला हात उठेना. शेवटी जिजीच काठी टेकत आली. तिनं एक मोसंबं तोडलं, सोललं, अर्धं माझ्या हातावर ठेवलं.

"खा," म्हणाली. "लय गोड हाय मेल्याचं."