शिट्टीदादाची लिफ्ट

बांधकामावर त्याला सगळे शिट्टीदादा म्हणत. विटा, वाळू, सिमेंट वर नेणारी लिफ्ट तो चालवायचा. माल भरला की एक शिट्टी द्यायची, वरून गवंड्यांची उलट शिट्टी आली की दांडा ओढायचा. तरुणपणी सळ्यांचा भारा पडून त्याचं पाऊल कामातून गेलं, तेव्हापासून तो लिफ्टशेजारच्या या स्टुलावर. हे स्टूल सुटलं तर दुसरं काम कोणी देणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बाकी जगातलं त्याला फारसं काही कळत नव्हतं, आणि धाकट्या भावाबद्दल तर काहीच नाही.

धाकटा म्हणजे त्याच्या गळ्यातला ताईत. आई-बाप गेल्यावर दादानेच वाढवलेला. इमारतींचा खर्च हाताबाहेर का जातो, यावर तो आता पीएचडी करत होता. अभ्यासाला चालू बांधकाम हवं होतं. दादाने ठेकेदाराच्या हातापाया पडून परवानगी मिळवली.

"तू फक्त नेहमीसारखं काम कर, दादा. कोण किती वेळ राबतं, किती वेळ रिकामं बसतं, एवढंच मी बघणार."

नेहमीसारखं? भावाच्या परीक्षेत? दादाच्या अंगात वारं संचारलं. उजाडताच तो हजर. मजुरांच्या मागे लागून, स्वतः लंगडत विटा भरून, दिवसभराचा माल जेवणाच्या सुट्टीआधीच वर चढवायचा. गवंडी चिडवायचे, "दादा, कुणाच्या लग्नाला जायचंय का?" मग दुपारभर तो भावाला दिसेल असा, हाताची घडी घालून ऐटीत बसायचा. बघ म्हणावं, तुझ्या भावाची लिफ्ट कुणाला खोळंबून ठेवत नाही!

धाकट्याने बघितलं. महिनाभर बघितलं आणि हूं की चूं केलं नाही.

त्याचा अहवाल वाचून ठेकेदाराने दादाला बोलावलं. "तुझी लिफ्ट दुपारभर रिकामी असते. शेजारच्या इमारतीवरचा लिफ्टवाला सकाळी ही चालवेल, दुपारी तिकडची. तू उद्यापासून येऊ नकोस."

घरी धाकटा शर्टाला इस्त्री करत होता. कॉलेजात त्याला सगळ्यांसमोर अभ्यास मांडायचा होता.

"अरे, मी तुझ्यासाठी पळवली ना लिफ्ट! एरवी माल संध्याकाळपर्यंत चढतो. सांगायचंस की त्यांना!"

"माहीत होतं मला." इस्त्री थांबली नाही. "पण जे दिसलं ते मी लिहिलं. आकडे काय मी घरी बनवले? तुझेच आहेत ते, दादा."

दादाला राग यायला हवा होता. आली ती लाज, खुळ्यासारखं आपणच पळाल्याची.

सकाळी तो शिट्टी परत करायला गेला. नव्या माणसाने ती पँटला खसाखसा पुसली आणि फुंकली. वरून गवंड्यांची नेहमीसारखीच उलट शिट्टी आली. खाली वाकून कोणी बघितलंसुद्धा नाही.