दोनदा घातलेलं मीठ

बंगळुरूला एचएसआर लेआउटमधल्या आमच्या फ्लॅटला छोटी उघडी गच्ची आहे. तिथे नवऱ्याने माशांची टाकी बसवली होती आणि टाकीच्या वर खडीने भरलेला वाफा. माती अजिबात नाही. पंप टाकीतलं पाणी वाफ्यात चढवायचा, माशांच्या घाणीतून झाडांना खत मिळायचं आणि पाणी स्वच्छ होऊन परत टाकीत पडायचं. वाफ्यात स्ट्रॉबेरी, घेवडा आणि पालक होता. कंपनीने त्याला काही महिने जर्मनीला पाठवलं तेव्हा हे सगळं माझ्याकडे आलं.

त्याच सुमारास सासरे निपाणीहून आमच्याकडे राहायला आले. सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. सासऱ्यांचं माझं भांडण कधीच नव्हतं, फारसं बोलणंही नव्हतं. खाली वॉचमनशी, दुकानदाराशी ते कन्नडमध्ये ऐसपैस गप्पा मारत. वर आले की पेपर आणि टीव्ही. मी पुण्याची, दिवसभर कानाला हेडफोन लावून कामाला बसलेली. जेवताना भाजी कशी झाली एवढंच विचारणं होई.

एके दिवशी गोल्डफिशच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले. मासे टाकीच्या कडांना अंग घासत होते. एक मेलाही. नवऱ्याला व्हिडिओवर दाखवलं. तो म्हणाला, जाडं मीठ घाल, लिटरला एक ग्रॅम, त्याहून जास्त नको, झाडांना सोसणार नाही. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर मीठ तोललं, बादलीत विरघळवलं आणि सकाळपासून दुपारपर्यंत थोडं थोडं टाकीत सोडलं.

मासे सुधारले. पण स्ट्रॉबेरीची पानं कडेने तपकिरी होऊ लागली, मग घेवड्याची. पाण्यातले क्षार मोजायचा मीटर बुडवला. मीठ घातल्यावर जेवढा यायला हवा होता त्याच्या बराच वर आकडा होता. पंप बघितला, मीटर धुऊन पुन्हा लावला. आकडा तोच. सासरे दारात उभे राहून बघत होते.

"अप्पा, मीठ फार झालंय यात. मी तर मोजून घातलं होतं."

"तू पण घातलंस?"

"पण म्हणजे?"

"मला त्यानं फोनवर सांगितलं होतं. खालच्या दुकानातनं कल्लुप्पु आणलं, जाडं मीठ. तू कामात असतेस, म्हटलं आपणच घालून टाकावं."

"मला सांगायचं होतंत."

"तू तरी कुठं सांगितलंस?"

संध्याकाळी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, दोघांपैकी एक विसरेल असं वाटलं, म्हणून दोघांनाही सांगितलं.

पाणी उन्हाने आटतं, मीठ मागे राहतं. ते कमी करायचं तर खारं पाणी काढून गोडं घालायचं, तेही थोडं थोडं, नाहीतर माशांना ते सोसत नाही. आमच्या नळाच्या पाण्याचाही भरवसा नव्हता. सोसायटीत बोअरचं जड पाणी मऊ करणारं यंत्र आहे आणि ते मिठावरच चालतं. सासऱ्यांनी वॉचमनला विचारून तळघरातला गाड्या धुवायचा नळ शोधून काढला. तिथे यंत्राच्या आधीचं पाणी येत होतं. रोज सकाळी माझं काम सुरू होण्याआधी आम्ही दोन बादल्या घेऊन लिफ्टने खाली जायचो आणि भरून वर आणायचो.

बादली भरेपर्यंत करण्यासारखं काही नसायचं. अशाच एका सकाळी ते म्हणाले, "ती असती तर हे झालं नसतं."

"आईंना माशांचं कळायचं?"

"छे. पण मी मीठ आणलं हे तिनं तुला दहा मिनिटांत सांगितलं असतं. तुझं मला सांगितलं असतं." नळ बंद करून ते म्हणाले, "घरातलं सगळं मला तिच्याकडनंच कळायचं. पोराचं लग्न ठरलं तेसुद्धा."

सांत्वन मिळावं म्हणून ते मला हे सांगत नव्हते. पण त्या दिवसापासून गच्चीत काही केलं की ते मला येऊन सांगू लागले, माझे कान मोकळे नसले तर हातवारे करून. मीही सांगायला लागले, आधी माशांचं, मग ऑफिसचं, मग माझ्या भावाच्या घटस्फोटाचं, जे नवऱ्यालाही मी अर्धंच सांगितलं होतं. ते ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "जेवतोय का तो नीट?"

आकडा हळूहळू उतरला. घेवड्याला खालून नवी पानं आली. स्ट्रॉबेरी मात्र गेली. आम्ही ती उपटली आणि तिथेही पालक लावला, त्याला मिठाने काही झालं नव्हतं. इतका आला की शेजारच्या अक्कांना जुड्या द्याव्या लागल्या.

नवरा परतल्यावर सासरे निपाणीला गेले. मागच्या महिन्यात त्यांचा मला फोन आला. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरवलं होतं.

"त्याला सांगितलंत?" मी विचारलं.

"नाही अजून," ते म्हणाले. "तू सांग."